पावसाळ्याआधी गालिचा गुंडाळून ठेवताना: क्रम, तयारी आणि नेहमी होणाऱ्या चुका

ऑक्टोबरात गालिचा उघडला की कुबट वास येतो, पाठीवर काळपट ठिपके दिसतात, कधी हात फिरवताच लोकरीचे पुंजके सुटून येतात. मग पावसाला दोष दिला जातो. पण यातलं बरंचसं नुकसान मे महिन्यातच ठरून गेलेलं असतं, गालिचा गुंडाळायच्या आधी. गुंडाळी एकदा बांधली की आत जे काही असेल ते चार महिने तिथेच राहतं: धूळ, सांडलेल्या चहाचा अंश, कसरीची (लोकर खाणाऱ्या किडीची) अंडी, आणि सगळ्यात घातक म्हणजे बोटांना न जाणवणारी ओल.

म्हणून या लेखात प्रत्यक्ष गुंडाळणं बऱ्याच उशिरा येतं. आधी स्वच्छता, मग वाळवणं, मग गुंडाळीच्या आत घालायची नळी, मग गुंडाळणं आणि शेवटी जागा. हा क्रम बदलू नका. घाई असेल तर एखादं काम कमी करा, पण वाळवण्यातला वेळ कापू नका.

खालची माहिती प्रामुख्याने मुंबई, कोकण आणि गोव्यासारख्या दमट भागातल्या घरांसाठी आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडेही पावसाळ्याचे चार महिने हेच नियम लागू पडतात. विदर्भ-मराठवाड्यात बुरशीचा धोका थोडा कमी, पण धूळ आणि कसर यांच्यापासून तिथेही सुटका नाही.

## १. आपल्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

सगळ्या गालिच्यांना एकच वागणूक दिली की निम्म्यांचं नुकसान ठरलेलं. आधी गालिचा उलटा करून पाठ बघा.

पाठीवरही तीच नक्षी दिसत असेल, बारीक गाठींच्या ओळी बोटांना लागत असतील आणि दोन टोकांच्या दशा ताण्याच्याच, म्हणजे विणीतल्या उभ्या धाग्यांच्याच असतील, तर तो हाताने गाठी मारून विणलेला गालिचा आहे. भदोही, मिर्झापूर, काश्मीर, जयपूर इथून येणारे चांगले लोकरीचे गालिचे या जातीचे. हे टिकाऊ असतात, पण लोकर असल्याने यांना कसर लागते.

पाठीवर जाड कापड चिकटवलेलं असेल तर तो टफ्टेड गालिचा. त्याची लव, म्हणजे वरचे उभे मऊ तंतू, आत रबरी डिंकाने धरलेले असतात. हा डिंक उन्हाने आणि वयाने कडक होतो, मग भुकटी होऊन झडतो. गालिचा उचलल्यावर जमिनीवर पांढरट पिवळी पूड दिसली तर डिंक सुटायला लागलाय असं समजा. अशा गालिच्याला घट्ट गुंडाळी अजिबात चालत नाही.

सतरंजी, दरी, जाजम यांना लव नसते. सुती असतील तर कसरीची भीती कमी, बुरशीची मात्र तेवढीच. घोंगडी आणि नमदा लोकरीचे, त्यामुळे त्यांची काळजी लोकरीच्या गालिच्यासारखी घ्यायची.

सूत, लोकर की कृत्रिम धागा हे कळत नसेल तर पाठीकडच्या कोपऱ्यातून लवेचे दोन-तीन तंतू काढा. चिमट्यात धरून, पाण्याच्या वाटीवर, गालिच्यापासून दूर जाळून बघा. केस जळल्याचा वास येऊन चुरगळणारी काळी राख उरली तर लोकर किंवा रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला चकचकीत धागा). वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम. तंतू लवेचेच घ्या. दशा बहुतेक वेळा सुती असतात आणि त्यांच्यावरून अंदाज चुकतो.

सावधान: ‘सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ म्हणून विकलेल्या चकचकीत गालिच्याला कागदाचा वास आला तर तो व्हिस्कोस आहे. त्याला घरी पाणी लावू नका. ओला झाल्यावर तो पिवळा पडतो, लव कडक होते आणि पूर्वीसारखी होत नाही.

## २. दिवस निवडा, सामान आधीच जमवा

हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखांप्रमाणे मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास परततो. जूनचा पहिला आठवडा उजाडल्यावर गालिचा धुवायला काढणं म्हणजे उशीर झाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम सुरू करा, म्हणजे धुऊन वाळवायला आणि एखाद-दुसरा दिवस वाया गेला तरी भरून काढायला सवड राहते. घाटावर मेमध्ये दुपारनंतर वळीव येतो. तिथे गच्चीवरचं काम सकाळी आटपायचं.

हे सामान हाताशी ठेवा:

- व्हॅक्यूम क्लीनर, नसेल तर मऊ केरसुणी आणि कपड्याचा ब्रश
- जाड नळी (पाचवी पायरी बघा)
- जुनी, धुतलेली, पांढरी सुती चादर, धोतर किंवा मलमल, गालिच्यापेक्षा थोडी लांब
- वरच्या आवरणासाठी घट्ट विणीचं सुती कापड, मांजरपाट उत्तम
- खाटेला लावतात ती सुती नवार किंवा रुंद नाडी
- आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल मीटर. हे काही शेकड्यांत मिळतं आणि पावसाळाभर उपयोगी पडतं

सावधान: कापडाला खळ किंवा स्टार्च नको. खळीवर झुरळं आणि कागद-कपडे कुरतडणारे रुपेरी किडे येतात. कोरं मांजरपाट आणलं तर आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, कडक वाळवून घ्या.

## ३. धूळ दोन्ही बाजूंनी काढा

वरून व्हॅक्यूम फिरवला की काम झालं असं वाटतं. पण लवेच्या मुळाशी बसलेली रेती तशी निघत नाही, आणि तीच गुंडाळीच्या दाबाने आतले तंतू कापते.

आधी गालिच्याखालची रबरी जाळी किंवा न घसरणारी मॅट काढा. ती वेगळी ठेवायची, गालिच्यासोबत कधीच गुंडाळायची नाही. उष्णतेत रबर चिकटतं आणि पाठीवर तपकिरी डाग सोडतं.

मग गालिचा जमिनीवर उलटा पसरा आणि पाठीवर व्हॅक्यूम फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर हाताच्या पंजाने हलके थोपटत पुढे सरका. रेती खाली जमिनीवर पडते. गालिचा उचला, जमीन झाडा, पुन्हा उलटा पसरा. झाडताना रेती निघायची थांबेपर्यंत हेच करत राहा. त्यानंतर सुलटी बाजू, लवेच्या दिशेने.

व्हॅक्यूमचा फिरणारा ब्रश बंद ठेवा, फक्त ओढ वापरा. दशांवर व्हॅक्यूम नेऊच नका, त्या हातानेच साफ करा. सोफा किंवा पलंगाखाली कायम झाकला गेलेला भाग दोनदा घ्या. कसर अंधारात आणि जिथे कोणी हात लावत नाही तिथे वाढते, म्हणून अंडी असलीच तर बहुधा तिथेच असतात.

मोठी चूक: गालिचा दोरीवर किंवा गॅलरीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवणं. साध्या सुती सतरंजीला ते सोसतं. जुन्या गाठींच्या गालिच्याचा सगळा भार कठड्याच्या एका रेषेवर येतो, ताण्याचे धागे तिथेच तुटतात आणि पुढे त्या रेषेवर चीर पडते. झटकणंही टाळा, झटक्याने टोकाच्या गाठी सैल होतात.

तपासा: पाठीवर पांढरा रुमाल घासा. फार मळला तर अजून एकदा स्वच्छता हवी.

## ४. डाग, धुणं आणि पूर्ण वाळवणं

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. वेळ द्यायचा तर इथे द्या.

नुसती धूळ असेल आणि डाग नसतील तर गालिचा दरवर्षी धुवायची गरज नाही. पण अन्न, दूध, घाम किंवा पाळीव प्राण्याचं मूत्र यांचा डाग तसाच ठेवून गुंडाळू नका. कसरीच्या अळ्या कोऱ्या लोकरीपेक्षा मळलेल्या जागेवर जास्त जोमाने वाढतात, आणि चार महिन्यांत डागही पक्का होतो.

पाणी लावण्याआधी रंग जातो का ते बघा. पांढरं सुती कापड ओलं करून पिळा आणि प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबून धरा. लाल आणि गडद निळ्यावर विशेष लक्ष द्या. कापडाला रंग लागला तर घरी धुणं थांबवा आणि गालिचा धुणाऱ्या कारागिराकडे द्या. रंग पक्का असेल तर लोकरीसाठीचा सौम्य द्रव साबण थंड पाण्यात विरघळवा, कापडाने टिपून डाग काढा, आणि स्वच्छ पाण्याचं कापड टिपत साबण पूर्ण काढून टाका. उरलेला साबण धूळ धरून ठेवतो.

सावधान: ब्लीच लोकर आणि रेशीम अक्षरशः विरघळवतं. रोजच्या कपड्यांच्या पावडरीही नकोत. त्यातला क्षार लोकरीला मानवत नाही आणि त्यातली काही एन्झाइम प्रथिनं तोडतात. लोकर आणि रेशीम प्रथिनांचीच असतात. वास जावा म्हणून सोडा भुरभुरवला तर तोही मुळाशी राहतो आणि ओल लागल्यावर तसाच त्रास देतो.

आता वाळवणं. लव वरून कोरडी लागली तरी तिचं मूळ, आतला ताणा-बाणा आणि दशांच्या गाठी ओल्या असू शकतात. सुती ताणा असलेल्या लोकरीच्या गालिच्यात हे हमखास होतं, कारण लव आधी वाळते आणि आतलं सूत मागे राहतं.

धुतलेला गालिचा आडवा, पाठ वर करून, खालून हवा जाईल असा ठेवा. दोन बाकं, बाजेची चौकट किंवा प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आडव्या टाकलेल्या काठ्या, काहीही चालेल. भार एकाच रेषेवर येऊ नये एवढं बघा. ऊन दाखवायचं तर पाठीला, सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान. सुलटी बाजू तासन्‌तास कडक उन्हात ठेवली तर रंग उडतो, आणि टफ्टेड गालिच्याचा डिंक कोरडा होऊन तडकतो. उन्हानंतर घरात आणून पंख्याखाली ठेवा. रात्री गच्चीवर सोडू नका, दवाने दिवसभराचं काम पाण्यात जातं.

पूर्ण धुतलेल्या जाड गालिच्याला तीन-चार दिवस सहज लागतात, समुद्राजवळ त्याहून जास्त. कारागिराकडून धुऊन आलेला गालिचा प्लास्टिकमध्ये बांधून येतो. तो तसाच माळ्यावर चढवू नका. प्लास्टिक काढा, दोन दिवस उघडा ठेवा, नंतरच पुढचं काम.

तपासा, आणि ही तपासणी टाळू नका: रात्री गालिच्याच्या मधोमध आणि एका कोपऱ्यात, पाठीवर, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीचे हातभर तुकडे पसरा आणि त्यांच्या कडांवर वजन ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धुकं किंवा दमटपणा दिसला तर आत पाणी आहे. आणखी एक दिवस वाळवा आणि पुन्हा बघा. शिवाय लव बोटांनी फाकून मुळाला ओठ लावून पाहा. ओठांना बोटांपेक्षा गारवा लवकर कळतो.

## ५. नळी तयार करा

गालिच्याला घडी घालायची नाही. घडीच्या रेषेवर ताणा मोडतो, लव कायमची चपटते, टफ्टेडची पाठ तडकते. नुसता गुंडाळलेला गालिचाही आतून पोकळ राहतो आणि वजन पडलं की चपटा होतो, म्हणजे शेवटी घडीच. त्यामुळे आत नळी हवीच.

चार बाय सहा फुटांपर्यंतच्या गालिच्याला तीन इंच व्यासाची नळी पुरते. त्याहून मोठ्याला चार इंच, म्हणजे प्लंबिंगच्या दुकानात ११० मिलिमीटर म्हणून मिळणारा पीव्हीसी पाइप. टफ्टेडला किंवा फार जाड लवेच्या गालिच्याला सहा इंच घ्या, वळण जितकं मोठं तितका ताण कमी. नळी गालिच्याच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच जास्त लांब असावी. पाच फूट रुंद गालिच्याला सहा फुटांची नळी, असा हिशेब. बाहेर राहिलेली टोकं पुढे उचलायला आणि टेकवायला लागतात, म्हणून इथे इंच वाचवू नका.

कापडाच्या दुकानात ताग्यांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागितल्या तर मिळतात. त्या बहुधा बारीक असतात, लहान सतरंजीपुरत्या ठीक.

पुठ्ठ्यातलं आम्ल कापडावर पिवळे डाग पाडतं, आणि पीव्हीसीचा थेट स्पर्शही बरा नाही. दोन्हींवर आधी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल एक फेरा गुंडाळा, त्यावर धुतलेल्या सुती कापडाचा फेरा द्या आणि कापड टाक्याने धरा. चिकटपट्टी नको, तिचा डिंक उष्णतेत बाहेर येतो. पाइपच्या कापलेल्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर त्या दशांना खेचतात.

## ६. गुंडाळणं

दोन माणसं लागतात. सहा बाय नऊ फुटांचा लोकरीचा गालिचा पंधरा-वीस किलो भरतो, एकट्याने तो सरळ गुंडाळला जात नाही.

दिशा ठरवा. गुंडाळी दशेच्या टोकापासून दुसऱ्या दशेच्या टोकाकडे जाते. खोलीत जागा कमी म्हणून बाजूच्या काठाकडून सुरुवात करणं ही फार दिसणारी चूक आहे. ताणा लांबीच्या दिशेने जातो आणि गालिच्याचा जोर त्याच्यात असतो, वळण त्याच्यावरच यायला हवं. आता लवेवरून एका टोकाकडून दुसऱ्याकडे तळहात फिरवा. एका दिशेने हात मऊ सरकतो, उलट दिशेने अडखळतो. ज्या टोकाकडून निघाल्यावर हात मऊ सरकतो, सुरुवात त्या टोकापासून करायची.

लव बाहेर की आत? दुकानातून येताना गालिचा बहुतेक वेळा लव आत ठेवून गुंडाळलेला असतो. प्रवासात धूळ लागू नये म्हणून ते ठीक. महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर लव बाहेर घ्या. लव आत असली की तंतू एकमेकांवर दाबले जातात आणि बाहेर आलेला ताणा-बाणा ताणला जातो. लव बाहेर असली की तंतू मोकळे होतात आणि विणीवर ताण राहत नाही. वस्त्रसंग्रहालयांतही लवेचे गालिचे असेच ठेवतात. धुळीची काळजी वरचं आवरण घेईल.

आता काम:

१. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा. तिच्यावर गालिचा उलटा, लव खाली करून पसरा.

२. पाठीवर मलमल किंवा जुनी चादर सुरकुती न पडू देता पसरा. सुरुवातीच्या टोकाला ती दशांच्या पुढे हातभर बाहेर राहू द्या.

३. दशा बोटांनी सरळ करा. कंगवा नको, तुटतात. बाहेर राहिलेलं कापड नळीभोवती एक फेरा गुंडाळा, म्हणजे दशा दोन कापडांच्या मध्ये सपाट बसतात.

४. दोघांनी नळीची दोन टोकं धरून सावकाश पुढे लोटा. दर दीड-दोन फुटांनी थांबून दोन्ही कडा एका रेषेत आहेत का बघा.

५. गुंडाळी घट्ट असावी, आवळलेली नसावी. आतला थर घसरत नाही आणि बाहेरचा थर बोटाने थोडा दबतो, एवढा ताण बरोबर.

६. शेवटी दुसऱ्या टोकाच्या दशांवरूनही कापड पुढे येऊ द्या आणि त्यानेच शेवटचा फेरा घ्या.

मोठी चूक: गुंडाळी एका बाजूला सरकत शंकूसारखी झाली की लोक तिचा काठ जमिनीवर आपटून सरळ करतात. याने काठ फाटतो. जिथून तिरकी झाली तिथपर्यंत उलगडा आणि पुन्हा लोटा. वेळ जातो, पण दुसरा उपाय नाही.

सतरंजी आणि दरीला सुलट-उलट फरक पडत नाही, बाकी कृती तीच. जागेअभावी सुती सतरंजीची घडी घालावीच लागली तर घडीत जुनं कापड कोंबून वळण गोल ठेवा आणि महिन्याने घडीची जागा बदला. लोकरीच्या बाबतीत ही सवलत नाही.

## ७. बांधणं आणि आवरण

बांधायला नवार किंवा रुंद सुती नाडी, दर दीड फुटाला एक. गाठ मारताना नवारीखाली एक बोट सहज जायला हवं. सुतळी लवेत रुतते आणि ओल लागली की पिवळा रंग सोडते. रबर बँड, नायलॉनची दोरी, खाकी चिकटपट्टी यांपैकी काहीच नको.

वरून मांजरपाटाचं आवरण दोन फेरे. दोन्ही टोकांना कापड नळीवर घट्ट आवळून बांधा. कसरीचे पतंग आत शिरतात ते इथल्याच फटीतून.

प्लास्टिकबद्दल बरेच जण विचारतात. दमट भागात गालिचा प्लास्टिकमध्ये बंद करू नका. दिवस-रात्रीच्या तापमानातल्या फरकाने आतली हवा घाम धरते, आणि तो थेंब कापडातच मुरतो. वरून गळती होण्याची भीती असेल तर कापडी आवरणावर प्लास्टिकचा तुकडा छपरासारखा टाका, टोकं आणि खालची बाजू उघडी ठेवून. वर्तमानपत्र कुठल्याच थरात नको, शाई आणि आम्ल दोन्ही उतरतं.

आवरणावर चिठ्ठी शिवा: गालिच्याचा आकार, गुंडाळल्याची तारीख, कोणता डाग होता, आणि पुढची तपासणी कधी. सोबत गालिच्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नंतर एखादी विरळ जागा दिसली तर ती आधीची की नवी, हे फोटोवरून कळतं.

डांबरगोळ्या: वापरायच्याच असतील तर पुरचुंडीत, गालिच्याला न टेकता आणि गुंडाळीच्या वरच्या बाजूला ठेवा, कारण त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. उघड्या खोलीत त्यांचा उपयोग जवळजवळ नाही, श्वासाला त्रास मात्र होतो. तान्हं बाळ घरात असेल, किंवा कोणाला जी-सिक्स-पी-डी ची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) कमतरता असेल, तर त्या घरात आणूच नका. डांबरगोळ्या आणि कापूर एकत्र ठेवले तर दोन्ही पाझरून तेलकट डाग पडतो. कडुनिंबाचा पाला आणि वेखंड ठेवायचे तर कडक वाळवून, कापडी पिशवीत. पण त्यांच्यावर विसंबून स्वच्छतेत कसूर करू नका, त्यांनी अळ्या मरत नाहीत.

## ८. जागा

गुंडाळी आडवी ठेवायची. कोपऱ्यात उभी केली की सगळं वजन खालच्या काठावर येतं, थर घसरतात आणि दशा चिरडतात.

उत्तम व्यवस्था अशी की भार नळीने घ्यावा. नळीची बाहेर आलेली टोकं दोन चौरंगांवर किंवा खाच पाडलेल्या लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, म्हणजे गालिचा अधांतरी राहतो आणि भोवती हवा खेळते. आठ फुटांहून लांब नळी मधोमध वाकते, अशा वेळी सहा इंची पाइप लागतो.

अधांतरी ठेवायला जागा नसेल तर जमिनीपासून चार इंच उंच फळीवर, सपाट. वर काही ठेवायचं नाही, दुसरा गालिचाही नाही.

लोखंडी कपाटावर ठेवताना गुंडाळी कपाटापेक्षा लांब असेल तर खाली पूर्ण लांबीची फळी हवी, नाहीतर टोकं लोंबून वळण पडतं. पलंगाच्या बॉक्समध्ये चालतं, पण खाली लाकडी पट्ट्या टाकून, आणि आठवड्यातून एकदा झाकण उघडून. बाहेरच्या भिंतीला पलंग लागून असेल तर हात लावून बघा. ओल मारणारी भिंत असेल तर ती जागा सोडा. वरच्या मजल्यावरचा स्लॅबखालचा माळा, पत्र्याखालची खोली, बंद गॅलरी आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, या चारही जागा नकोत.

तपासा: निवडलेल्या जागी आर्द्रतेचं मीटर दोन दिवस ठेवा. ५०-६० टक्के छान. ६५-७० च्या वर बराच काळ राहिलं तर बुरशी धरते. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये आकडा त्याच्या वर जाणारच, म्हणून घरातल्या घरात जी जागा सर्वांत कोरडी ती निवडा, मग ती बैठकीच्या खोलीत का असेना.

## ९. पावसाळ्यातली तपासणी

महिन्यातून एकदा, पावसाने उघडीप दिली असेल त्या दिवशी. बाहेर रिपरिप चालू असताना गालिचा हवा लागावी म्हणून पसरला तर तो हवेतली ओलच पितो. एसी असलेली खोली असेल तर तासभर आधी एसी चालवून तिथे काम करा.

दर महिन्याला पूर्ण उलगडायची गरज नाही. आवरण सोडून पहिले दोन-तीन फूट उघडा, वास घ्या, लव फाकून बघा. ऑगस्टच्या मध्यावर एकदा पूर्ण उलगडा, दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम करा आणि पुन्हा सहाव्या पायरीप्रमाणे गुंडाळा.

काय शोधायचं: लोकरीच्याच रंगाचे वाळूसारखे बारीक कण, कोळ्याच्या जाळ्यासारखे चिकट धागे, तांदळाच्या दाण्याएवढी कोषासारखी पुरचुंडी, आणि मुळापर्यंत खाल्लेली विरळ जागा. उडणारा छोटा सोनेरी पतंग दिसला की लोक तो मारून निश्चिंत होतात. गालिचा खातात त्या अळ्या, पतंग नाही. पतंग दिसला म्हणजे शोध सुरू करायचा.

## १०. कसर किंवा बुरशी सापडली तर

गालिचा लगेच बाकीच्या लोकरीच्या वस्तूंपासून दूर न्या, नेताना मात्र प्लास्टिकमध्ये घालून न्या. दोन्ही बाजूंनी सावकाश व्हॅक्यूम करा आणि त्यातली पिशवी त्याच दिवशी घराबाहेर टाका. लहान वस्तू, म्हणजे आसन किंवा पायपुसणं, प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवली की अळ्या आणि अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कापडावर पाणी धरतं. मोठ्या गालिच्याला घरगुती उपाय पुरत नाहीत. लोकरीचं काम माहीत असलेल्या कीडनियंत्रकाला बोलवा. साधा झुरळांचा फवारा मारू नका, त्याचे डाग पडतात.

बुरशी असेल तर तोंडाला मास्क लावा, गालिचा बाहेर न्या आणि आधी वाळवा. ओल्या बुरशीला ब्रश लावला की ती आत पसरते. पूर्ण कोरडी झाल्यावर व्हॅक्यूमने ओढून घ्या. नंतर लव हलकेच खेचून बघा. तंतू सहज निघाले किंवा पाठ वाकवताना चरचर आवाज आला तर आतला ताणा कुजलाय. तिथे घरी काही करू नका, रफू करणाऱ्या कारागिराला दाखवा.

## ११. पुन्हा अंथरताना

ऑक्टोबरची कोरडी हवा लागल्यावर एक आठवडा थांबा. नळीची टोकं धरून गुंडाळी जमिनीवर सोडवत न्या, दशा धरून ओढू नका. टोकं वर वळत असतील तर पाठीवरून हाताने सपाट करा आणि मध्ये कापड घालून एक-दोन दिवस जाड पुस्तकं ठेवा. इस्त्री नको. टफ्टेड गालिचा थंड सकाळी उघडू नका, डिंक गारव्यात कडक असतो. दुपारी खोली उबदार झाल्यावर सावकाश उलगडा.

आतलं कापड, नवार आणि आवरण धुऊन, वाळवून नळीसोबत ठेवा, पुढच्या मेमध्ये तेच वापरता येतं. रबरी जाळी परत घालण्याआधी बोटाने दाबून बघा. चिकट लागली किंवा चुरा पडू लागला असेल तर टाकून द्या आणि नवी आणा.